फोटोंची अस्सल व नक्कल : घरच्या संगणकावर पुष्कळ फोटो एकदम लहान करण्याची रीत

शेतकऱ्याच्या घरांत आतां दोन दप्तरें असतात. एक पेटींतील अथवा फडताळांतील कागदांचें, आणि दुसरें मोबाईलमधील फोटोंचें. पहिल्या दप्तराची निगा राखण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. खरेदीखत कोठें, वाटणीचा कागद कोठें, सोसायटीची पावती कोठें, हें घरांतील एका तरी माणसास अंधारांतहि सांपडतें. दुसऱ्या दप्तराची मात्र बहुतेक ठिकाणीं दैना आहे. पीक उगवलें कीं फोटो, रोग पडला कीं फोटो, गारपीट झाली कीं फोटो, ठिबकाचें सामान आलें कीं फोटो. याप्रमाणें एका हंगामांत तीन-चारशें फोटो सहज जमतात. पुढें ते अर्जासोबत जोडण्याची वेळ आली म्हणजे पोर्टल ते स्वीकारीत नाहीं. फाईल मोठी आहे, एवढाच निरोप पडद्यावर उमटतो. मग कोणाच्या तरी दुकानीं जाऊन एकेक फोटो लहान करून घ्यावयाचा, त्याचे पैसे मोजावयाचे, आणि त्या गर्दींत पुष्कळदां असें होतें कीं, लहान केलेला फोटो मूळ फोटोच्याच जागीं चढविला जातो व मूळ कायमचा नाहींसा होतो.

हें काम घरच्या साध्या संगणकावर, शेंकडों फोटोंचें एकदम, फुकट व थोड्या मिनिटांत होण्यासारखें आहे. त्याची रीत या लेखांत सांगावयाची आहे. परंतु रीतीपेक्षां एक नियम अधिक महत्त्वाचा आहे, व तो महसुली दप्तरांत काम केलेल्या माणसास नवा नाहीं. अस्सल कागद दप्तरांत राहतो, पक्षकारास नक्कल मिळते. नक्कल फाटली, भिजली, हरवली तर दुसरी काढतां येते. अस्सल गेल्यावर उपाय नाहीं. फोटोंच्या बाबतींत मोबाईलमधून निघालेली फाईल हें अस्सल, व लहान केलेली फाईल ही नक्कल समजावी. काय कापाकापी करावयाची ती नकलेवर करावी.

आतां फोटो लहान करणें म्हणजे नेमकें काय करणें, तें पाहूं. मोबाईलनें काढलेला फोटो ही बारीक चौकोनी ठिपक्यांची एक जाळी असते. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. १२ मेगापिक्सेलचा जो सामान्य फोटो असतो, तो आडवा ४००० व उभा ३००० ठिपक्यांचा असतो. म्हणजे एकूण १ कोटी २० लक्ष ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग तांबडा, हिरवा व निळा या तीन अंशांनीं लिहिला जातो, आणि दर अंशास एक बाइट जागा लागते. तेव्हां असा एक फोटो जसाच्या तसा लिहून ठेवावयाचा तर ३ कोटी ६० लक्ष बाइट, म्हणजे सुमारें ३६ एमबी जागा लागेल. प्रत्यक्षांत तो तीन ते पांच एमबींत बसतो. तो कसा, तें पुढें सांगितलें आहे. परंतु पोर्टलाची मर्यादा बहुधा कांहींशें केबीचीच असते, आणि एक एमबी म्हणजे सुमारें हजार केबी. म्हणजे मूळ फोटो मर्यादेच्या दहापट भरला तरी नवल नाहीं.

येथें जमिनीच्या मोजणीचा दाखला घेतल्यास हिशेब चटकन् ध्यानांत येईल. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. ६६ फूट लांब व तितकीच रुंद जागा दोन गुंठे नव्हे, चार गुंठे भरते. बाजू दुप्पट तर क्षेत्र चौपट. बाजू निम्मी तर क्षेत्र पाव. फोटोचेंहि असेंच आहे. ४००० × ३००० चा फोटो २००० × १५०० केला तर ठिपके निम्मे न राहतां ३० लक्ष, म्हणजे एक चतुर्थांश राहतात. १६०० × १२०० केला तर १९ लक्ष २० हजार राहतात, म्हणजे सहाव्या हिश्श्याहूनहि किंचित् कमी. फाईलीचें वजनहि साधारण त्याच बेतानें उतरतें. म्हणून थोडें लहान केल्यानें काय होणार, असें म्हणूं नये. बाजूंत थोडा फरक केला तरी वजनांत पुष्कळ पडतो.

वजन उतरविण्याची दुसरीहि एक वाट आहे, व ती ठिपक्यांच्या संख्येहून निराळी आहे. जेपेग या नांवाची जी फोटो साठविण्याची पद्धत, ती १९९२ सालीं ठरली. तींत फोटोचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनांत उजेड व रंग हळूहळू बदलतो कीं झपाट्यानें बदलतो, याचें गणित करतात, आणि माणसाच्या डोळ्यास न जाणवणारे बारकावे टाकून देऊन उरलेलेंच लिहून ठेवतात. ३६ एमबीचा ऐवज चार एमबींत बसतो तो यामुळें. या गणिताची मूळ रीत १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत आहे. नासिर अहमद, टी. नटराजन् व के. आर. राव हे त्याचे कर्ते होत. पैकीं अहमद हे मूळचे बेंगळूरचे. आज जगांत रोज जे अगणित फोटो काढले जातात, त्यांतील बहुतेकांच्या पोटांत एका हिंदी मनुष्याचें गणित आहे, ही गोष्ट आपल्या शाळांतून मुलांस सांगण्यासारखी आहे.

किती बारकावे टाकावयाचे, हें आपल्या हातीं असतें. बहुतेक प्रोग्रॅमांत गुणवत्ता म्हणून १ ते १०० असा अंक द्यावयाचा असतो. ८० च्या आसपास ठेविल्यास फोटोंत डोळ्यास फरक कळत नाहीं, व वजन मात्र पुष्कळ उतरतें. ५० च्या खालीं गेल्यास आकाशांत व पानांच्या कडांशीं चौकोनी डाग दिसूं लागतात. येथें एक गोष्ट नीट समजून घ्यावी. टाकलेला बारकावा परत येत नाहीं. जेपेग फोटो उघडून, बदलून पुन्हां जेपेग म्हणून साठविला कीं दर खेपेस आणखी कांहीं गळतें. नकलेवरून नक्कल, तिच्यावरून पुन्हां नक्कल, असें चारदां झालें कीं हस्तलिखित दस्ताची जी गत होते, तीच फोटोची होते. त्याचप्रमाणें लहान केलेला फोटो पुन्हां ओढून ४००० ठिपक्यांचा केला तरी गेलेलें चित्र त्यांत उगवत नाहीं; केवळ जागा अडते. म्हणून लागेल तेव्हां दर वेळीं अस्सलावरूनच नवी नक्कल काढावी.

आतां कोणत्या कामास केवढा फोटो पुरेसा होतो, हा प्रश्न. नुसता पडद्यावर पाहण्यास, अर्जास जोडण्यास अथवा कोणास शेताची स्थिति दाखविण्यास लांब बाजू १६०० ठिपके ठेवावी. ती पुष्कळ झाली. तेवढ्यानें मर्यादेंत बसला नाहीं तर १२०० करावी. छापण्याकरितां हिशेब निराळा आहे. चांगल्या छपाईस दर इंचीं ३०० ठिपके धरतात. म्हणजे ६ इंच × ४ इंच आकाराच्या फोटोस १८०० × १२०० ठिपके हवेत. मासिकाकडे अथवा छापखान्याकडे फोटो पाठवावयाचा तर लहान करण्याच्या फंदांत न पडतां अस्सलाची हुबेहूब प्रत पाठवावी.

परंतु रोगाचा अथवा किडीचा फोटो तज्ज्ञाकडे पाठवावयाचा असतो तेव्हां या सर्व अंकांपलीकडे पाहावें लागतें. फुलकिडा सुमारें एक मिलिमीटर लांबीचा असतो. समजा, द्राक्षाच्या वेलाचा एक मीटर रुंदीचा भाग आपण ४००० ठिपक्यांच्या फोटोंत घेतला. मीटरांत हजार मिलिमीटर. म्हणजे दर मिलिमीटरास चार ठिपके. फुलकिड्याच्या वांट्यास लांबींत चारच ठिपके आले. जाणत्यासहि तो कष्टानेंच दिसेल. हाच फोटो १००० ठिपक्यांवर आणला कीं किड्यास एकच ठिपका उरतो, आणि एका ठिपक्यावरून कोणीहि कांहीं ओळखूं शकणार नाहीं. आतां त्याच वेलाचें एक पान जवळून, दहा सेंटिमीटरच्या रुंदींत घेतलें तर दर मिलिमीटरास ४० ठिपके पडतात, आणि तो फोटो १००० वर आणला तरी दहा उरतात. सारांश, अशा कामीं आधीं फोटो जवळून काढावा. तसा नसेल तर सबंध फोटो लहान न करतां रोगाचा भाग तेवढा कातरून घ्यावा. कातरण्यानें नको असलेलें शिवार जातें, कामाचे ठिपके शाबूत राहतात. कृषि विज्ञान केंद्राकडे अथवा विद्यापीठाकडे फोटो पाठवून "नीट दिसत नाहीं" असें उत्तर आलें, तर त्याचें कारण बहुधा एवढेंच असतें, आणि त्या फेऱ्यांत फवारणीचे चार दिवस हातचे जातात.

आतां प्रत्यक्ष कृति. प्रथम मोबाईल तारेनें संगणकास जोडून सर्व फोटो संगणकावर उतरून घ्यावे. व्हॉट्सॲपवरून स्वतःस पाठवून उतरूं नयेत. त्याचें कारण पुढें येईल. उतरलेल्या फोटोंसाठीं "अस्सल" नांवाचा एक फोल्डर व त्याच्या शेजारीं "नकला" नांवाचा दुसरा फोल्डर करावा. अस्सलमध्यें फोटो एकदां ठेविले कीं तेथें कांहीं बदलावयाचें नाहीं.

विंडोज असलेल्या संगणकावर दोन मोफत साधनें चांगलीं आहेत. पहिलें मायक्रोसॉफ्टचेंच पॉवरटॉइज नांवाचें. तें मायक्रोसॉफ्टकडूनच उतरून घ्यावें. त्यांत अनेक हत्यारें असून पैकीं इमेज रिसायझर हें आपल्या कामाचें. तें बसविल्यावर फोल्डरांतील हवे ते फोटो निवडावे; सर्वच हवे असल्यास कंट्रोल व ए हीं दोन बटणें एकदम दाबावीं. मग निवडलेल्या फोटोंवर माऊसचें उजवें बटण दाबलें कीं जी यादी उघडते, तींत इमेज रिसायझरची ओळ दिसते. कांहीं ठिकाणीं ती "शो मोअर ऑप्शन्स" या ओळीआड दडलेली असते. ती दाबतांच लहान, मध्यम, मोठा असे तयार आकार पुढें येतात; पण आपण "कस्टम" निवडून रुंदी १६०० व उंची १६०० असे अंक द्यावे, आणि "फिट" हा शब्द निवडलेला आहे ना हें पाहावें. फिट म्हणजे फोटोचें प्रमाण न बिघडवितां त्या चौकटींत बसविणें. "फिल" म्हटल्यास कडा कापल्या जातात, व "स्ट्रेच" म्हटल्यास चित्र ताणलें जाऊन बैल रेड्यासारखा दिसूं लागतो. लहान फोटो ओढून मोठा करूं नये अशा अर्थाची एक खूण तेथें असते, ती करावी. मूळ फोटोच बदलावा अशा अर्थाचीहि एक खूण असते. ती मात्र कधींहि करूं नये. मग रिसाइझ हें बटण दाबलें कीं झालें. नकला त्याच फोल्डरांत, नांवापुढें कंसांत आकार लिहून तयार होतात. त्या उचलून नकला या फोल्डरांत न्याव्या.

दुसरें साधन इरफानव्ह्यू. मूळचे बोस्नियाचे व व्हिएन्नास शिकलेले इरफान स्किल्यान यांनीं तें १९९६ सालीं प्रथम प्रसिद्ध केलें, व अद्यापि ते तें चालवीत आहेत. घरगुती, बिगर-व्यापारी उपयोगास तें मोफत आहे. जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावर तें हलकें चालतें, आणि या लेखाच्या कामास प्रस्तुत लेखकाच्या मतें तेंच अधिक सोयीचें. तें उघडून बी हें अक्षर दाबलें कीं एकगठ्ठा कामाची चौकट उघडते. तींत अस्सल फोल्डर शोधून "ॲड ऑल" दाबावें, म्हणजे सर्व फोटो यादींत येतात. नकला कोठें ठेवावयाच्या त्या फोल्डराचा पत्ता द्यावा. फोटोचा प्रकार जेपीजी निवडून त्याच्या ऑप्शन्समध्यें गुणवत्ता ८० द्यावी. मग "ॲडव्हान्स्ड" या भागांत जाऊन लांब बाजू १६०० ठरवावी. लांब बाजू ठरविली म्हणजे उभा व आडवा दोन्ही तऱ्हेचे फोटो एकाच हुकुमांत निघतात. शेवटीं "स्टार्ट बॅच". फोटो किती व संगणक कसा यावर वेळ अवलंबून असतो, पण शेंदोनशें फोटोंस चहा होईपर्यंतचा वेळ पुरतो. एकेक फोटो उघडून, कमी करून, नांव देऊन साठविण्यास दर फोटोमागें एक मिनिट धरलें तरी तीनशें फोटोंस पांच तास लागतात. गठ्ठ्यानें काम करण्याचा लाभ हा असा.

याच चौकटींत फोटोंचीं नांवें बदलण्याचीहि सोय आहे. मोबाईल जें नांव देतो त्यावरून फोटो कशाचा हें कळत नाहीं. नांवांत आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस, नंतर गट नंबर व पीक, असा क्रम ठेवावा. उदाहरणार्थ, २०२५-०९-१८-गट-११२-सोयाबीन-०१. वर्ष आधीं लिहिल्यानें यादी आपोआप कालक्रमानें लागते. दिवस आधीं लिहिल्यास सर्व महिन्यांच्या पहिल्या तारखा एकत्र येऊन घोळ होतो. नांवें बदलावयाचीं तींहि नकलांचीं. अस्सलांस मोबाईलनें दिलेलें नांव तसेंच राहूं द्यावें.

लिनक्स वापरणाऱ्या मुलांस इमेजमॅजिक हें साधन ठाऊक असतें, व तें फार समर्थ आहे. त्यांतील मॉग्रिफाय नांवाचा हुकूम मात्र निराळा फोल्डर सांगितला नाहीं तर सरळ मूळ फाईलीवरच लिहितो. घरांतील मुलगा हें काम करणार असेल तर त्यास एवढी सूचना आधींच देऊन ठेवावी.

अस्सलाविषयीं इतका आग्रह कशासाठीं, असें कोणी म्हणेल. त्याचें कारण फोटोच्या पोटांत आहे. मोबाईल फोटो काढतो तेव्हां चित्रासोबत कांहीं मजकूरहि त्याच फाईलींत लिहून ठेवतो. फोटो कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोणत्या यंत्रानें काढला, आणि मोबाईलमध्यें ठिकाणाची परवानगी चालू असल्यास त्या जागेचे अक्षांश-रेखांशसुद्धां. या मजकुरास एक्झिफ म्हणतात. पंचनाम्याच्या शिरोभागीं तारीख, वेळ व चतुःसीमा लिहितात, तसेंच हें. फोटो लहान करतांना हा मजकूर नकलेंत उतरतो कीं गळतो, हें त्या त्या प्रोग्रॅमावर व त्यांतील खुणांवर अवलंबून असतें. इरफानव्ह्यूच्या जेपीजी ऑप्शन्समध्यें एक्झिफ राखण्याची खूण आहे, ती केलेली असावी. पॉवरटॉइजमध्यें हा मजकूर काढून टाकण्याची खूण आहे, ती केलेली नसावी. कांहीं प्रोग्रॅम मजकूर गाळतात, आणि त्याबरोबर फोटो उभा धरावयाचा कीं आडवा ही सूचनाहि जाते. मग पडद्यावर शेत आडवें पडलेलें दिसतें.

गारपिटीनें अथवा पुरानें पीक गेलें त्या दिवसाचा फोटो हा पुढें उपयोगी पडणारा पुरावा असतो. त्याची तारीख फाईलीच्या आंतून दाखवितां येणें आणि केवळ "मी त्याच दिवशीं काढला होता" असें तोंडानें सांगणें, यांत किती अंतर आहे हें कज्जांचा अनुभव असणारांस सांगावयास नको. फोल्डरांत फाईलीसमोर जी बदलाची तारीख दिसते तिच्यावर मात्र विसंबूं नये. नकलेवर ती नक्कल केल्याचीच तारीख दाखविते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, हा १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणें इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयांत पुराव्यादाखल द्यावयाची तर सोबत ठराविक नमुन्यांत प्रमाणपत्र लागतें, व त्या नमुन्यांत फाईलीचें हॅश मूल्य लिहावयाचें असतें. हॅश म्हणजे सबंध फाईलीवरून गणितानें काढलेली एक लांब खूण होय. एक ठिपका बदलला तरी ती खूण निराळी येते. म्हणजे लहान केलेला फोटो व मूळ फोटो डोळ्यास सारखे दिसले तरी या हिशेबानें त्या दोन वेगळ्या फाईली ठरतात. अर्जास नक्कल पुरते. वाद पडल्यास अस्सल लागतें.

कित्येक शेतकरी फोटोवरच अक्षांश-रेखांश, तारीख व वेळ छापणारें ॲप वापरतात. हें ठीक आहे, पण तीं अक्षरें चित्राचाच भाग बनलेलीं असतात. फोटो ६४० ठिपक्यांवर आणला कीं तीं फिसकटून आंकडे वाचतां येत नाहींत, आणि ज्यासाठीं तो फोटो काढला तेंच जातें. अशा फोटोंची नक्कल काढल्यावर गठ्ठ्यांतील चार-दोन उघडून आंकडे वाचून पाहावे. वाचतां येत नसतील तर लांबी थोडी वाढवून गुणवत्तेचा अंक ७० पर्यंत उतरवावा. अक्षरें राखण्यास ठिपके अधिक लागतात, रंगाचे बारकावे कमी असले तरी चालतें. ई-पीक पाहणीसारख्या ॲपमध्यें फोटो ॲपच काढतें व पाठवितें. तेथें या खटाटोपाची गरज नाहीं.

व्हॉट्सॲपविषयीं आतां सांगतों. फोटो म्हणून पाठविलेलें चित्र व्हॉट्सॲप आपणहून लहान करतें, आणि आंतील एक्झिफ मजकूरहि काढून टाकतें. गप्पागोष्टींस तें सोयीचें. पण संघाच्या चिटणीसाकडे वा कचेरींत अस्सल पोंचवावयाचें असेल तर फोटो म्हणून न पाठवितां डॉक्युमेंट म्हणून पाठवावें, म्हणजे फाईल जशीच्या तशी जाते. उलट, अनोळखी माणसास घराचा अथवा गोठ्याचा फोटो याच रीतीनें पाठविल्यास आपल्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांशहि त्याच्या हातीं जातात, हें ध्यानांत असावें.

कागदपत्रांचे फोटो ही निराळी जात आहे. बँकेचें पासबुक, आधार, करारनामा यांचा फोटो काढतांना टेबल, चटई व आपली सावलीहि त्यांत येते, आणि वजनाचा मोठा भाग तीच खाते. आधीं कडा कातराव्या, मग रंग काढून करडा करावा, आणि त्यानंतरहि वजन जास्त भरल्यास लांबी कमी करावी. ए-४ कागदास दर इंचीं १५० च्या हिशेबानें १२४० × १७५४ ठिपके पुरतात. त्याखालीं बारीक छापील अक्षर तुटूं लागतें. सातबाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून मिळूं लागला आहे, आणि ती सही पीडीएफ फाईलींतच असते. तो छापून, त्याचा फोटो काढून, फोटो लहान करून जोडणें म्हणजे सहीशिक्क्याची नक्कल हातीं असतां तिच्यावरून हातानें उतरा लिहून देण्यासारखें आहे. पोर्टल पीडीएफ घेत असेल तर ती मूळ फाईलच जोडावी.

इंटरनेटवर फोटो फुकट लहान करून देणाऱ्या जागाहि पुष्कळ आहेत. पिकाच्या फोटोस त्या वापरल्या तर फारसें बिघडत नाहीं. परंतु आधार, पासबुक व सहीचा नमुना कोणा अनोळखी माणसाच्या संगणकावर चढविण्याचें कारण काय? घरच्या संगणकावर तेंच काम होत असतां फाईल उंबऱ्याबाहेर जात नाहीं. सोसायटीच्या सभासदांचे कागद ज्यांच्या हातीं असतात त्यांनीं तर हा विचार अवश्य करावा.

राहतां राहिला साठवणीचा प्रश्न. दर फोटो चार एमबीचा धरल्यास तीनशें फोटोंचें अस्सल बाराशें एमबी भरतें. आजच्या काळीं ही जागा कांहींच नव्हे. लहानशा पेनड्राइव्हमध्यें असे अनेक हंगाम मावतात. म्हणून जागेसाठीं अस्सल काढून टाकण्याची गरज पडत नाहीं. तें दोन ठिकाणीं असावें, आणि त्यांतील एक ठिकाण दुसऱ्या घरीं असावें. २०१९ च्या ऑगस्टमध्यें कृष्णा व पंचगंगा यांच्या कांठच्या गांवांत पाणी शिरलें तेव्हां घरांतील सर्वच वस्तु एकदम भिजल्या. एकाच कपाटांत ठेविलेल्या दोन प्रती अशा वेळीं एकच ठरतात.

फोल्डर महसुली वर्षाप्रमाणें, म्हणजे १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे लावावे. रब्बीचें पीक डिसेंबर-जानेवारीच्या दोन्ही अंगांस पडतें, व इंग्रजी वर्षाप्रमाणें लावल्यास एकाच पिकाचे फोटो दोन फोल्डरांत विभागले जातात. ३१ जुलैस वर्ष मिटतांना नकलांचा फोल्डर उघडून काम झालेल्या नकला काढून टाकण्यास हरकत नाहीं. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षें पेटींत नुसता पडून राहिल्यास बिघडण्याचा संभव असतो. सबब त्याच दिवशीं तो एकदां संगणकास जोडून आंतील फोटो उघडतात कीं नाहीं तें पाहावें, आणि कांहीं उघडेनासे झाले असल्यास दुसऱ्या घरच्या प्रतीवरून लागलीच भरून घ्यावे.